वादळाची बहीण, गिधाडाची बायको

३ मार्च, मंगळवार

सकाळी सकाळी भांडण! ह्यांचं आणि नातीचं. विषय नेहमीचाच — रिंगमधली कुस्ती पूर्वीची चांगली की आताची. दोघांचे चहा गार झाले, शेवटी मीच पिऊन टाकले.

निमित्त मोबाइलवरच्या एका फोटोचं. परवाच्या सामन्यात मांजरीनं पिटुकलीला दोरांवरून बाहेर भिरकावलं होतं. (मांजर हे त्या मुलीचं रिंगमधलं नाव. पिटुकली हे आमच्या नातीचं घरातलं. आता दारातून वाकून आत येते, पण नाव पडलं ते पडलं.) आणि आज फोटोत बघते तर दोघी गालाला गाल लावून आइस्क्रीम खातायत. खाली लिहिलंय, 'माझी लाडकी शत्रू'. सगळं जगजाहीर!

हे लालबुंद. "ज्यांनी तुझ्यासाठी घसा फोडला त्यांना काय वाटेल?"

"त्यांनीच तर बदाम टाकलेत, आजोबा. ढिगानं!"

"आमच्या वेळी—" असं ह्यांनी सुरू केल्यावर मी उठले आणि शिलाई मशीनवर जाऊन बसले. ते वाक्य पुढे कुठे कुठे जातं ते मला पाठ आहे.

५ मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे दादाचा वार. चार वाजता, मागच्या गल्लीनं, टोपी नाकापर्यंत ओढून. सत्तरी ओलांडली तरी माझा सख्खा भाऊ माझ्या घरी चोरासारखा येतो!

वही नवी आहे, तेव्हा एकदाच सांगून टाकते. दादा म्हणजे 'वादळ'. पांढरी चड्डी, पांढरे बूट, सगळ्या आयांना आपला वाटणारा. हे म्हणजे 'गिधाड'. काळा मुखवटा, कमरेला पावडरची पुरचुंडी, समोरच्याच्या डोळ्यांत फेकायला. अर्धं आयुष्य दोघं गावोगावी एकमेकांना बदडत हिंडले. बदडायचं म्हणजे आधी ठरवून आणि एकमेकांची हाडं जपून. पण रिंगबाहेरचा नियम कडक — चांगला आणि वाईट चारचौघांत एकत्र दिसायचे नाहीत. एका गाडीत नाही, एका टेबलावर नाही, एका न्हाव्याकडेसुद्धा नाही. दिसले की खेळ खलास!

आणि ह्या गिधाडाला लग्न करायचं होतं ते नेमकं वादळाच्या बहिणीशी. मुखवटे आणि चड्ड्या मी शिवायची. मापं घेता घेता जमलं.

लग्नाच्या एकाही फोटोत माझा भाऊ नाही. एका फोटोत मागच्या बाजूला एक आचारी आहे — पांढरी टोपी, हातात डाव, ढसाढसा रडतोय. तो दादा.

खेळ सोडून जमाना झाला, नियम काही सुटला नाही. ह्यांचं म्हणणं, "बेकरीवाला अजून मला बघून तोंड वाकडं करतो. त्याचं मन कशाला मोडायचं?" करतो खरा! लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ह्यांच्यावर केळीची सालं फेकायचा. पाव आणायला मीच जाते. गुरुवारीसुद्धा दोनच मागायचे ही सक्त ताकीद, नाहीतर तिसरा कोण असा प्रश्न येईल. आणि बेकरीवाला असा वेंधळा, की गुरुवारी हमखास तीन भरतो. दुकान कसं चालवतो देव जाणे.

मागच्या घरातल्या मावशी त्याहून वर. दादा गल्लीत शिरला रे शिरला की धाडकन खिडकी लावून घेतात. इतक्या वर्षांचा शेजार, पण बाई तुसडी ती तुसडीच. अर्थात ते आमच्या पथ्यावरच पडतं.

आज पाव चहात बुडवता बुडवता दादानं सांगितलं. लेकीकडे चाललाय. कायमचा. तेवीस तारखेची बस. दोन दिवसांचा प्रवास, आणि गुडघे हे असे — म्हणजे परत येणं नाही.

पाव चहात विरघळून गेला. मग हे म्हणाले, "जाताना टोपी नीट घाल."

७ मार्च, शनिवार

मला काय हवंय ते आज भांडी घासताना कळलं. आमच्या दारापासून बस स्टँडपर्यंत, भर दिवसा, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला हे, मधे मी. बस्स. हे आयुष्यात एकदाही झालेलं नाही!

८ मार्च, रविवार

कुस्तीच्या हॉलचा मॅनेजर घरी आला होता. तरुण आहे, बोलताना सारखा केस मागे सारतो. एकवीस तारखेला मोठा कार्यक्रम — 'काल विरुद्ध आज'. शेवटचा सामना पिटुकली आणि मांजर. त्याआधी वादळ आणि गिधाड यांनी रिंगमध्ये यायचं, हात मिळवायचा, मिठी मारायची. "लोक रडतील, काका! नुसते रडतील!"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या. हात मिळवला की वैर मिटलं, वैर मिटलं की बस स्टँडचा रस्ता मोकळा!

हे म्हणाले, "गिधाड हात मिळवत नाही."

"अहो काका, आता सगळ्यांना माहीत असतं की हे सगळं—"

"काय असतं?"

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, दुसरं काय करणार? शेवटी एवढंच ठरलं की हे रिंगमध्ये येतील. पुढचं पुढे.

१० मार्च, मंगळवार

पिटुकलीचा नवा पोशाख बेतला. निळा, दोन्ही खांद्यांवर पिवळी वीज. ताणणारं कापड, नागमोडी टाका, काखेत दुहेरी शिवण. आमच्या वेळी असलं कापड नव्हतं. ह्यांची चड्डी एकदा भर रिंगमध्ये उसवली होती, आणि दादानं अख्खा डाव ह्यांच्या पाठीला चिकटून काढला! लोकांना वाटलं, काय भयंकर पकड आहे!

पिटुकली मापं देताना हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "आजी, खरं सांग, कोणाची चांगली? त्यांची की आमची?"

मी म्हटलं, तोंडात टाचण्या आहेत, बोलता येत नाही.

१२ मार्च, गुरुवार

काय दुपार होती! अजून हसू येतंय.

दादा आला आणि हे म्हणाले, चल, सराव करू. दीडशे वर्षांचे दोन म्हातारे! गादी खाली ओढली, खुर्च्या बाजूला केल्या. ह्यांनी दादाचं मनगट धरलं, दादानं गिरकी घेतली — म्हणजे घ्यायला निघाला, अर्ध्यात गुडघा कुरकुरला, आणि दोघं पोत्यासारखे गादीवर. कपाटावरचा डबा खाली आला. मावशींची खिडकी आधीच बंद होती म्हणून बरं.

मग दोघं तिथेच आडवे पडून वाद घालत बसले. दादा म्हणतो, आताची पोरं दसपट चांगली. "त्या मांजरीची उडी बघितलीस का जावईबापू? वरच्या दोरावरून उलटी! आपण दोघं मिळून आयुष्यात एक तशी मारली नसती. आणि पडतात कशी, मऊ! आपण लाकडावर पडायचो. माझ्या गुडघ्यांना विचार पूर्वीचं काय चांगलं होतं ते."

"उड्या माकडंही मारतात." हे छताकडे बघत म्हणाले. "तेव्हा लोक मानायचे, मेव्हण्या. एक आजीबाई मला छत्रीनं मारायला आली होती, आठवतंय? आता कोणी छत्री उचलतं का? आता माहीत असतं सगळं. टाळ्या वाजवतात. टाळ्या! मला टाळ्या नको होत्या कधी."

"तुला काय, छत्री हवी?"

"हो!"

आणि दोघं इतके हसले की दादाला ठसका लागला. मी पाणी दिलं. मनात आलं, आमच्या मुलाला लहानपणी शिकवलं होतं — हॉलमध्ये बाबांना शिव्या घालायच्या आणि मामाला टाळ्या. बिचारा जीव तोडून घालायचा, आणि घरी येऊन बाबांच्या कुशीत झोपायचा. पिटुकलीला असलं काही करावं लागत नाही. तिची मांजर तिच्याच भाड्याच्या खोलीत राहते, दोघी एकमेकींच्या पाठीला मलम चोळतात, दार उघडं टाकून. मला विचाराल तर तेवढ्यासाठी आताचीच चांगली. पण मला विचारतंय कोण!

१३ मार्च, शुक्रवार

दोघांच्याही कंबरा धरल्यात. एकच गरम पाण्याची पिशवी, आणि एक माणूस गावाच्या त्या टोकाला! फोनवरून एकमेकांच्या चौकशा चालल्यात.

१५ मार्च, रविवार

आज सांगून टाकलं. हे दाढी करत होते. म्हटलं, तेवीस तारखेला मला तुमच्या दोघांच्या मधून चालत बस स्टँडवर जायचंय. पुढच्या दारानं. उजेडी.

हे थांबले. गालाला साबण तसाच. "अगं, लोक बघतील."

"बघू देत ना!"

"बेकरीवाला पन्नाशीचा झाला, तरी मला बघून मूठ आवळतो. त्याला आज कळलं की आपला बाप आणि आपण वर्षानुवर्षं फसलो, तर? जे होतं ते सगळंच खोटं होईल."

"आणि माझं काय? माझा भाऊ म्हणून मी त्याला रस्त्यात एकदा हाक नाही मारली!"

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही, रडूच आलं. हे साबणाच्या गालानं तसेच जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "पहाटे मागच्या गल्लीनं सोडून येऊ त्याला. तिघंही." ह्यांच्या हिशेबी ही मोठीच सूट!

नको, म्हटलं. माझ्याही गालाला साबण लागला.

१७ मार्च, मंगळवार

अबोला. वरण खारट झालं तरी बोलले नाहीत, निमूट जेवले. मीही नाही.

१९ मार्च, गुरुवार

दादाचा शेवटचा गुरुवार. त्याला काही बोलले नाही. बेकरीवाल्यानं आज चार पाव भरले! म्हटलं, अहो, दोन. तर म्हणाला, "असू दे हो, ताजे आहेत." आणि नजर चुकवून भट्टीकडे गेला.

दादा गेल्यावर हे हळूच मशीनपाशी आले. "एक पुरचुंडी शिवशील का? पूर्वीसारखी. कमरेच्या पट्ट्यात बसणारी."

मी वर पाहिलं. डोळ्यांत ती जुनी चमक. अबोल्याचा विसरच पडला! "काय करणार आहात?"

"गिधाड काय करतं?"

शिवली. घरात अंगाला लावायची पावडर होती, तीच भरली. गुलाबाच्या वासाची आहे. आता असू दे.

२१ मार्च, शनिवार

झोपच येत नाहीये. आनंदानं! नीट लिहिता येईल का बघते.

हॉल खचाखच. पुढच्या रांगांत सगळे पांढऱ्या केसांचे, मागे सगळे पिटुकलीच्या वयाचे. आधी दादा आला. टाळ्या थांबेचनात. पांढरे बूट मीच चुन्यासारखे पांढरे केले होते. दोराखालून वाकताना जरा अडकला, पण पंचानं हात दिला.

मग दिवे मंद झाले आणि काळा मुखवटा आला. अरे देवा, काय तो आरडाओरडा! पुढच्या रांगा अर्ध्या उठून उभ्या. बेकरीवाला खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी तोंडाचा कर्णा करून ओरडतोय — "गिधाडाऽऽ! लाज नाही का!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. मावशी काठी आपटतायत! मला वाटलं ह्यांची छाती मुखवट्याच्याही वर येते की काय.

दादानं हात पुढे केला. हॉल चिडीचूप. ह्यांनी हाताकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. हळूहळू हात पुढे नेला. मला वाटलं, मिळवतात! आणि — फस्स!! पावडर!

दादा डोळे धरून गरगरतोय (खोटं खोटं. पावडर छातीवरच उडाली होती, मला तिसऱ्या रांगेतून दिसलं). अख्खा हॉल गुलाबाच्या वासानं भरला. कोणीतरी केळीचं साल फेकलं! खरंखुरं! आणि ते चुकवता चुकवता ह्यांनी माझ्याकडे पाहून मुखवट्याआडून डोळा मारला.

तेवढ्यात पिटुकली धावत आली, एका उडीत दोरांवरून आत. आजोबांना कमरेला धरलं, डोक्यावर उचललं आणि फिरवलं. मी डोळे मिटले. धप्प असा आवाज आला, उघडून पाहते तर हे पाठीवर पडलेले, आणि पायाची बोटं आनंदानं हलतायत! मांजरीनं धावत येऊन बेल बडवली.

घरी आल्यावर हे दहा वेळा तरी म्हणाले, "मला ठेवलं गं तिनं. आपटलं नाही, ठेवलं. कापसावर ठेवावं तसं. आणि आवाज किती मोठा! कसा काढला असेल? आम्हाला हे कधी जमलं नाही."

हात काही मिळवला नाही. रागवायचं होतं मला, पण राहूनच गेलं.

२२ मार्च, रविवार

पिटुकलीनं विचारलं, "मग आजोबा? कोणाची चांगली?"

हे बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "पडणं तुमचं चांगलं. मानणं आमच्या वेळचं चांगलं."

"काल त्या बेकरीवाल्या काकांनी मानलंच की!"

"तो जुना माणूस आहे. त्याला अजून माहीत नाही."

उद्याची बस सकाळी दहाची. पहाटेचा विषय दोघांनीही काढला नाही.

२३ मार्च, सोमवार

दादा रात्री मुक्कामाला इथेच होता. नऊ वाजता मी त्याची बॅग उचलली आणि पुढचं दार सताड उघडलं. म्हटलं, चल दादा. ज्याला यायचंय तो येईल.

दहा पावलं गेलो असू. मागून गर्जना — "थांब, वादळा!"

हे! पायजमा, वर बनियन आणि डोक्यावर काळा मुखवटा! तरातरा आले, माझ्या हातातली बॅग हिसकावली आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "या गावात पुन्हा दिसलास तर याद राख! तुला बसमध्ये बसवल्याशिवाय गिधाड घरी जाणार नाही!"

मग हलक्या आवाजात दादाला — "हळू चाल, गुडघा सांभाळ." मग पुन्हा मोठ्यांदा, "चल, निघ!" आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन चालायला लागले.

मी मधे! भर उजेडात! एका हातात दादाचा दंड, दुसऱ्या हातात ह्यांचा. बेकरीवाला दारात येऊन "हुर्योऽ गिधाड!" म्हणून ओरडला. न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. मावशी पुढच्या ओट्यावर काठी घेऊन उभ्या. हे शिव्या देतायत, दादा मूठ दाखवतोय, आणि मी हसतेय, रडतेय, पुन्हा हसतेय. रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

बसच्या खिडकीतून दादानं हात बाहेर काढला. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि धरला. बस हलेपर्यंत सोडला नाही. "कोणी पाहिलं नाही ना?" मला विचारलं. नाही, म्हटलं. स्टँडवर अर्धं गाव होतं.

२६ मार्च, गुरुवार

बेकरीवाल्यानं आज मोजून दोन पाव दिले. म्हटलं, आज कसे बरोबर मोजलेत? तर म्हणाला, "आता दोघंच ना तुम्ही. बाबांनी दुकान हातात देताना सांगितलं होतं — गुरुवारी त्यांच्याकडे तीन, आणि विचारायचं काही नाही."

मी तशीच मागच्या गल्लीनं आले. चार वाजले होते आणि मावशींची खिडकी उघडी! त्या आत भाजी निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या लग्नापासून गं. आचारी कधी एवढा रडतो का?"

ह्यांना सांगणार नाही.